सुकाणू-यंत्रणेतील हादरे व आवाज : उगम आणि शमन

चालकाच्या हाताची आज्ञा पुढील चाकांपर्यंत पोहोचविणे हे मोटारगाडीच्या सुकाणू-यंत्रणेचे काम होय, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. ही व्याख्या चुकीची नसली तरी अपुरी आहे. ज्या दांड्यांतून व दंतचक्रांतून हाताचे बल चाकांकडे जाते, त्यांतूनच चाकांवरील बल उलट दिशेने हाताकडे येत असते. या परतीच्या वाटेने दोन गोष्टी येतात. एक, टायर आणि रस्ता यांच्यामधील पकडीची वार्ता, जिच्यावाचून वळणावर चालकाला गाडीचा अंदाज येत नाही. दुसरी, खड्डे, असंतुलित चाके आणि ढिले सांधे यांपासून निघालेले हादरे व खडखडाट. वाट एकच असल्यामुळे पहिलीला येऊ द्यावयाचे आणि दुसरीला अडवावयाचे कसे, हाच या विषयातील मुख्य प्रश्न आहे. त्याची उत्तरे कोणत्या तत्त्वांवर दिली गेली व त्यांपैकी प्रत्येकाची किंमत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. चाक दगडावर आपटले असता सुकाणू-चक्र हातातून हिसकले जाते. म्हणूनच खडबडीत वाटेवर जुन्या गाड्या चालविणारे लोक अंगठा चक्राच्या कड्याच्या आत अडकवीत नसत. सतत होणाऱ्या कंपनाचा परिणाम याहून मंद, परंतु तितकाच खरा असतो. युरोपीय संघाने २००२ साली केलेल्या निर्देशात हातांना होणाऱ्या कंपनाचे आठ तासांचे प्रमाणित मूल्य २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की उपाययोजना करावी आणि ५ च्या पुढे ते जाऊ देऊ नये, असे ठरविले आहे.

हादऱ्यांचे उगम

रस्त्याचा उंचसखलपणा हा उगम सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा उगम चाकाच्या असंतुलनात असतो. लोळण-त्रिज्या ०.३ मीटर असलेले चाक ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावत असता त्याचा कोनीय वेग सेकंदाला १०० रेडियन, म्हणजे सुमारे १६ फेरे, इतका होतो. अशा चाकाच्या कड्यावर, अक्षापासून ०.२ मीटर अंतरावर, केवळ २० ग्रॅम वस्तुमान अधिक असेल तर त्यामुळे ४० न्यूटनचे फिरते बल निर्माण होते. या बलाचा आडवा घटक किंगपिनपासून समजा ०.०६ मीटर अंतरावर कार्य करीत असेल, तर किंगपिनभोवती २.४ न्यूटन-मीटरचे आंदोलित परिबल मिळते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु सुकाणू-चक्र, दांडे व टायर मिळून होणाऱ्या संहतीची नैसर्गिक कंप्रता बहुधा १० ते २० हर्ट्झ या पट्ट्यातच येते, आणि महामार्गावरील वेगास चाकाच्या फेऱ्यांची कंप्रताही तीच असते. अनुस्पंदनाने लहान बलाचा मोठा हादरा कसा होतो, हे यावरून स्पष्ट होईल.

तिसरा उगम इतिहासदृष्ट्या सर्वांत बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर व पुढील चाकांचे ब्रेक प्रचारात आले आणि त्याबरोबर पुढील चाके किंगपिनभोवती जोराने फडफडण्याचा विकार बळावला. इंग्रजी व फ्रेंच अभियंत्यांनी त्यास 'शिमी' हे एका नृत्याचे नाव दिले. त्या काळी दोन्ही चाके एका ताठ आसावर बसविलेली असत. एक चाक उचलले गेले की सबंध आस तिरपा होई, आणि फिरत्या चाकाचा अक्ष तिरपा केला असता घूर्णीच्या नियमानुसार किंगपिनभोवती परिबल उत्पन्न होते. चाकाचे निरूढी परिबल १ किलोग्रॅम-मीटर वर्ग, त्याचा कोनीय वेग सेकंदाला १०० रेडियन, आणि आस सेकंदाला १० वेळा एका अंशाच्या परमप्रसराने डोलत आहे असे मानले, तर डोलण्याचा महत्तम कोनीय वेग सेकंदाला १.१ रेडियन येतो; म्हणजेच एका चाकामागे परिबल ११० न्यूटन-मीटर होते. असंतुलनाच्या २.४ शी याची तुलना करून पाहावी. शिवाय चाक वळले की तोच घूर्णी-परिणाम आसाला पुन्हा तिरपा करतो, आणि हे चक्र स्वतःस पोसत राहते.

फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए याने १९२५ मध्ये या विकाराचे विवेचन करताना टायरच्या पार्श्वसर्पणाची कल्पना मांडली. टायरच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यातच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली याच्या प्रयत्नाने १९३४ च्या गाड्यांवर पुढील चाकांचे स्वतंत्र निलंबन आले. चाक फारसे तिरपे न होता वर जाऊ लागले आणि घूर्णी-परिबलाचे मूळच खुंटले. हादरा हातापाशी अडविण्यापेक्षा तो उगमापाशी नाहीसा करणे केव्हाही श्रेयस्कर, हा या प्रकरणातून मिळणारा पहिला धडा होय.

घर्षणाचा उपाय व त्याची किंमत

उगमापाशी जे नाहीसे होत नाही, त्याला वाटेत अडवावे लागते. यासाठी सर्वांत जुना उपाय म्हणजे सुकाणू-पेटीतील घर्षण. मळसूत्री दंतचालनात मळसूत्राचा आगम-कोन आणि घर्षण-कोन या दोन राशींवर सर्व काही अवलंबून असते. हाताकडून चाकाकडे जाताना कार्यक्षमता म्हणजे आगम-कोनाची स्पर्शज्या भागिले दोन्ही कोनांच्या बेरजेची स्पर्शज्या. उलट दिशेने येताना ती दोन्ही कोनांच्या वजाबाकीची स्पर्शज्या भागिले आगम-कोनाची स्पर्शज्या, इतकी असते.

घर्षण-कोन ५ अंश मानू. आगम-कोन २० अंश असेल तर सरळ कार्यक्षमता ७८ टक्के व उलट ७४ टक्के येते, म्हणजे हादरा जवळजवळ संपूर्ण परत येतो. आगम-कोन ८ अंशांवर आणला तर हेच आकडे ६१ व ३७ होतात. तो ५ अंश केला तर उलट कार्यक्षमता शून्य होते व चाकाकडून काहीही परत येत नाही. परंतु मग सरळ कार्यक्षमताही ५० टक्क्यांच्या किंचित खाली घसरते, आणि चालकाचे निम्मे श्रम पेटीतच जिरतात. शांततेचे मोल असे हाताने चुकवावे लागते.

मात्र याहूनही गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वळणावर टायरची पार्श्व-पकड त्याच्या संपर्कक्षेत्राच्या मध्याच्या थोडी मागे कार्य करते, आणि त्यामुळे चाकास सरळ करू पाहणारे परिबल निर्माण होते. सर्पण-कोन वाढत गेला की पकड आपल्या कमाल मर्यादेस पोहोचण्यापूर्वीच हे परिबल कमाल गाठून उतरू लागते; कारण पकडीचा बिंदू मध्याकडे सरकतो. म्हणजेच निसरड्या वळणावर गाडी घसरण्याआधी सुकाणू हाताला हलके लागते. ही निसर्गाने दिलेली पूर्वसूचना होय, आणि ती मोठ्या बलाच्या नव्हे, तर बलातील मंद व सूक्ष्म बदलाच्या रूपाने येते.

कोरड्या घर्षणाचा दोष येथेच उघडा पडतो. त्याचे मूल्य ठराविक असल्यामुळे त्याहून लहान बल ते पूर्णपणे गिळते, तर त्याहून मोठे बल अल्पशा घटीने पुढे जाऊ देते. तात्पर्य, ते पूर्वसूचना अडविते आणि हादऱ्यास वाट देते. आपणास हवी असलेली निवड याच्या नेमकी उलट आहे.

कंप्रतेनुसार निवड

ही उलट निवड शक्य होते, ती दोन्ही संदेशांच्या कंप्रता भिन्न असल्यामुळे. चालकाला उपयोगी पडणारी वार्ता सेकंदाला थोड्याच आंदोलनांच्या मर्यादेत असते. त्रासदायक हादरे बव्हंशी १० हर्ट्झच्या पुढे असतात. द्रव-संदमकातील रोध हा वेगाच्या प्रमाणात असतो. दट्ट्या हळू सरकत असता तेल बारीक छिद्रांतून सहज वाहते. तोच झटक्याने ढकलला की रोध वाढतो. म्हणून सुकाणूच्या जोडदांड्यावर बसविलेला संदमक मंद वार्तेस फारसा न अडविता झटका तेवढा शोषून घेतो. कंप्रतेचा हाच भेद रबराच्या जोडणीतही वापरलेला असतो. सुकाणू-दांड्यात बसविलेली रबरी चकती मंद परिबल जवळजवळ तसेच पुढे देते, परंतु उच्च कंप्रतेचा आवाज धातूतून धातूत जाऊ देत नाही. अर्थात् रबर अधिक मऊ केले तर चक्र फिरविणे व गाडी वळणे यांत विलंब जाणवू लागतो, आणि चक्र-दांड्याची नैसर्गिक कंप्रता खाली उतरून नेमकी चाकाच्या फेऱ्यांशी जुळण्याचा धोका संभवतो.

दंतचक्रांतील खडखड

हादरा व आवाज यांचा खरा संगम दातांमधील मोकळिकीत होतो. आजच्या बहुसंख्य मोटारगाड्यांत दंतपट्टी व पिनियन यांची रचना असते. पट्टीच्या पाठीमागे स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला एक आधार-ठोकळा असून तो पट्टीचे दात पिनियनवर दाबून धरतो. जोडदांडा पट्टीशी १० अंशांचा कोन करीत असेल आणि त्यातून ३००० न्यूटनचा झटका आला, तर पट्टीस आडवे ढकलणारा घटक ५२० न्यूटन होतो. त्यातील काही भाग दूरच्या टोकाचा बुश पेलतो. उरलेला भाग स्प्रिंगच्या पूर्वभारापेक्षा अधिक झाला की दात एकमेकांपासून सुटतात व पुन्हा आदळतात. चालकाला ऐकू येणारी खडखड ती हीच.

पूर्वभार हवा तितका वाढविणे हा सोपा मार्ग वाटेल. पण पूर्वभाराबरोबर घर्षण वाढते, आणि घर्षणाचे दुष्परिणाम आपण पाहिलेच आहेत. म्हणून दुसरा मार्ग घेतात. ठोकळ्याच्या मागे एक पक्का अडसर ठेवून त्यामधील अंतर मिलिमीटरच्या शतांशांत राखले जाते. आदळण्याची ऊर्जा ही स्थूलमानाने बल गुणिले सुटण्याचे अंतर एवढी असल्यामुळे अंतर निम्मे केले की ऊर्जाही निम्मी होते. ठोकळ्यावर अल्प घर्षणाचे अस्तर व भोवती रबरी कडे बसविले, की पूर्वभार, घर्षण व संदमन या तीन राशी बऱ्याच अंशी एकमेकींपासून स्वतंत्र करता येतात. उत्तम रचनेचे मर्म या स्वतंत्रतेत आहे.

साहाय्यक शक्तीचे नवे आवाज

फ्रान्सिस डेव्हिस याने द्रवशक्तीवर चालणारे सुकाणू १९२६ मध्ये एका पिअर्स-ॲरो गाडीवर चालवून दाखविले. विक्रीच्या मोटारगाडीत ते १९५१ साली क्रायस्लर इम्पिरिअलमध्ये आले. तेलाच्या स्तंभाने रस्त्याचे हादरे पुष्कळच मवाळ केले, परंतु त्याने स्वतःचे दोन आवाज आणले. दहा पात्यांचा पंप मिनिटाला ९०० फेरे घेत असता सेकंदाला १५० दाब-स्पंदने उमटतात आणि घरघर ऐकू येते; त्यासाठी दाबनळीच्या आत ठराविक लांबीची दुसरी नळी घालून परावर्तित लहरीने मूळ लहर खोडतात. दुसरा आवाज शिळेसारखा असतो. झडपेच्या अरुंद कडेवरून तेल वेगाने जाताना दाब एकदम उतरतो, बुडबुडे निर्माण होतात व पुढे फुटतात. दाब एका कडेवर न उतरविता क्रमाने उतरविला की ही शीळ मंदावते.

१९८८ मध्ये सुझुकीने सेर्वो या लहान गाडीत विद्युत्-साहाय्य आणले आणि तेलाबरोबर त्याचे आवाजही गेले. मात्र मोटरचे निरूढी परिबल सुकाणू-दांड्यावर वेग-गुणोत्तराच्या वर्गाने मोठे होऊन प्रकट होते. मोटरचे मूल्य ०.०००१ किलोग्रॅम-मीटर वर्ग आणि गुणोत्तर २० मानल्यास ते ०.०४ होते, म्हणजे खुद्द सुकाणू-चक्राच्या तोडीचे. हे जड ओझे झटक्यास विरोध करते खरे, परंतु तो विरोध दातांवर आघाताच्या रूपाने उमटतो. आघात मवाळ व्हावा म्हणून पोलादी मळसूत्राशी पॉलिअमाइडच्या दातांचे चक्र जुळवितात, आणि येथे द्रव्यविज्ञानाचा प्रश्न उभा राहतो.

समजा, चक्राचा पोलादी गाभा २५ मिलिमीटर त्रिज्येचा, त्यावरील पॉलिअमाइडचे कडे १५ मिलिमीटर जाडीचे, मळसूत्राची त्रिज्या १० मिलिमीटर, आणि दोहोंना धरणारी पेटी ॲल्युमिनिअमची आहे. तापमान ८० अंश सेल्सिअसने वाढले तर चक्र व मळसूत्र मिळून सुमारे ०.१३ मिलिमीटर वाढतात, तर पेटीतील ५० मिलिमीटरचे केंद्रांतर ०.०९ मिलिमीटरनेच वाढते. ०.०४ मिलिमीटरची ही तफावत दात आवळावयास पुरेशी आहे. त्यात पॉलिअमाइड हवेतील ओलावा शोषून फुगते ते निराळेच. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील कोरडा उन्हाळा या दोहोंत तीच गाडी चालावयाची असते. केंद्रांतर कायमचे निश्चित केले, तर एका ऋतूत दात आवळतील व दुसऱ्यात खडखडतील. म्हणून मळसूत्राचे एक टोक किंचित सरकू देऊन त्यास स्प्रिंगने चक्रावर दाबतात. दंतपट्टीच्या ठोकळ्याचेच तत्त्व येथे पुन्हा अवतरते.

अभ्यासाची दिशा

२०१३ मध्ये बाजारात आलेल्या इन्फिनिटी क्यू-५० या गाडीत सुकाणू-चक्र व चाके यांचा नित्याचा यांत्रिक संबंध तोडून तो विद्युत्-संकेतांवर सोपविण्यात आला. यांत्रिक जोडणी केवळ संकटकाळासाठी राखली होती. अशा यंत्रणेत हादरा आपोआप परत येत नाही. पण पकडीची वार्ताही आपोआप येत नाही. ती मोजून, निवडून, मोटरच्या द्वारे हातास द्यावी लागते. म्हणजे जी निवड पूर्वी स्प्रिंग, रबर व तेल करीत, ती आता अभियंत्याने स्पष्ट शब्दांत लिहून द्यावयाची आहे. कोणते परिबल, कोणत्या कंप्रतेपर्यंत, किती अंशाने परत द्यावे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात ध्वनिमापकाने न करता जोडदांड्यातील बल, पट्टीचे त्वरण व चक्रावरील परिबल यांच्या एककालिक मापनाने करावी. चाकाच्या फेऱ्यांबरोबर बदलणारा हादरा असंतुलनाचा, वेग बदलला तरी कंप्रता न सोडणारा अनुस्पंदनाचा, आणि बलाची दिशा पालटताच उमटणारा मोकळिकीचा, असे त्यांचे स्थूल वर्गीकरण करता येते. उगम एकदा निश्चित झाला, म्हणजे उपाय संतुलनाचा, ताठरपणाचा की पूर्वभाराचा, हे ठरविणे कठीण जात नाही. मात्र प्रत्येक उपायानंतर चक्रावरील घर्षण पुन्हा मोजावे. खडखड थांबली आणि त्याबरोबर निसरड्या वळणाची सूचनाही थांबली, तर गाडी शांत झाली असे म्हणता येईल, सुरक्षित झाली असे म्हणता येणार नाही.