दोषी खेळाडू, निर्दोष मालक

फेब्रुवारी १८७८मध्ये जिम डेव्हलिन नावाच्या अमेरिकन बेसबॉलपटूने बॉस्टन संघाचे व्यवस्थापक हॅरी राइट यांना पत्र लिहिले. अंगावर घालायला धड कपडा नाही, पत्नी व मूल हलाखीत आहेत. खेळू देणे शक्य नसेल तर निदान मैदान राखण्याचे काम तरी द्या, अशी त्यात याचना होती. आदल्या वर्षी हाच डेव्हलिन केंटकी राज्यातील लुईव्हिल ग्रेज या संघाचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज होता. त्या संपूर्ण हंगामात, ६१ सामन्यांत, संघातर्फे चेंडू फेकणारा तो एकटाच!

१८७७च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत लुईव्हिल आघाडीवर होता. पुढे पूर्वेकडच्या दौऱ्यात पराभवांची रांग लागली आणि अजिंक्यपद बॉस्टनकडे गेले. अध्यक्षांकडे निनावी तारा आल्या होत्या. संघाचे मालक ज्या दैनिकाचे प्रकाशक होते, त्या ‘कुरियर-जर्नल’मध्ये मालकपुत्रानेच संशय जाहीर केला. खेळाडूंच्या तारा तपासल्या गेल्या, त्यांत ‘सॅश’ हा सांकेतिक शब्द सापडला. डेव्हलिन आणि जॉर्ज हॉल यांनी कबुली दिली. त्या दोघांसह अल निकल्स व बिल क्रेव्हर यांना आजन्म बंदी झाली. क्रेव्हरविरुद्ध सामना विकल्याचा पुरावा नव्हता; त्याने आपल्या तारा दाखविण्यास नकार दिला, एवढे पुरेसे ठरले.

डेव्हलिन निष्पाप होता असे कोणी म्हणणार नाही. पैसे घेऊन सामना हरणे ही तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाची फसवणूकच. परंतु ज्या व्यवस्थेत हा गुन्हा घडला, तिचा ताळेबंद मांडताना एकच बाजू लिहिली गेली. क्लबकडून वेतन थकले होते, असे डेव्हलिनचे म्हणणे होते. त्याच वर्षी लीगने खेळाडूंकडून गणवेशापोटी ३० डॉलर आणि दौऱ्यावर असताना भोजन-निवासापोटी दररोज ५० सेंट कापण्याचा नियम केला होता. सट्टेबाज तर मैदानाच्या आसपासच असत.

१८७१पासून चाललेल्या जुन्या संघटनेच्या नावात व्यावसायिक ‘खेळाडू’ होते; १८७६मध्ये तिची जागा घेणाऱ्या नॅशनल लीगच्या नावात व्यावसायिक ‘क्लब’ आले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा बदल नुसता शब्दांचा वाटणार नाही. अनेक मालक असतात तेव्हा एकाने काढलेला कामगार दुसऱ्याकडे जाऊ शकतो. सगळे मालक एकत्र आले की श्रमाच्या बाजारात एकच ग्राहक उरतो, आणि त्याने नाकारलेला माल पडून राहतो. आजन्म बंदीची खरी धार यातच होती.

लुईव्हिल क्लबही १८७८चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच लीगमधून बाहेर पडला; दोन हंगामांत त्याचा कारभार आटोपला. मालकांपैकी कोणावर बंदी आली नाही. १८७९च्या शरद ऋतूत लीगच्या मालकांनी आपसांत गुप्त करार करून प्रत्येक क्लबला पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवण्याची मुभा दिली. त्या पाचांना दुसऱ्या क्लबने घ्यायचे नाही. पुढे हे कलम जवळजवळ सर्व खेळाडूंना लागू झाले. ते निष्प्रभ करणारा लवादाचा निर्णय यायला १९७५ साल उजाडावे लागले.

डेव्हलिनने लीगचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट यांच्याकडे वारंवार दाद मागितली. हल्बर्ट यांनी एकदा स्वतःच्या खिशातून पैसे काढून त्याच्या हाती ठेवले, पण बंदी उठविली नाही. ही हकिगत लीगचेच एक धुरीण अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी पुढे लिहून ठेवली. डेव्हलिन अखेर फिलाडेल्फियात पोलीस शिपाई झाला आणि १८८३ साली, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, क्षयाने वारला. क्रेव्हरनेही ट्रॉय शहरात पोलिसाचीच नोकरी धरली.