नाक्यावरचा परतावा

जन्मभर मी लोकांकडे पावती मागितली. घाटमाथ्यावरच्या एका गावी जकातनाक्यावर वीस-बावीस वर्षे कारकुनी केली. पुढे नाके उठले. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मुंबईची जकातही गेली. आता लोणावळ्याला घरी बसून पाऊस मोजतो. पण एक हिशेब अजून मिटलेला नाही, तोच सांगतो.

जकातीचा एक नियम फार थोड्यांना ठाऊक असे. गावात आणलेला माल न विकता परत बाहेर गेला, तर भरलेली जकात परत मिळे. अट एवढीच, की जाताना माल नाक्यावर दाखवायचा, मूळ पावतीवर शिक्का घ्यायचा आणि मग अर्ज करायचा.

एकदा एक कापडवाला आला. कामशेतच्या बाजाराला जाणारा, हातावर पोट असलेला माणूस. आदल्या पहाटे नाक्यावर कुणाला न उठवता तो गठ्ठे घेऊन निघून गेला होता. पावती होती, शिक्का नव्हता. रक्कम अडतीस रुपये.

“साहेब, माल बाहेर गेला हे तुम्हालाही दिसतंय ना?”

“मला दिसून काय उपयोग? कागदाला दिसलं पाहिजे!” मी म्हणालो.

या उत्तरावर मी त्या दिवशी फार खूष होतो. तो काही बोलला नाही. पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला.

तसा हा व्यवहार आमच्या मावळाला नवा नाही. कार्ल्याच्या लेण्यात कित्येक खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे दात्यांमध्ये कोरलेली आहेत. तिथल्या भिक्षूंना करजिक गाव देणारा उषवदात हा नहपान राजाचा जावई. याच उषवदाताच्या नाशिकच्या लेखात एका सुवर्णाला 35 कार्षापण असा नाण्यांचा भाव चक्क दगडात खोदला आहे! त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात लिहिले आहे, की भडोच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी देशी नाण्यांत बदलली तर नफा होतो. म्हणजे परमुलखातला वाटसरू दोन हजार वर्षांपूर्वीही भाव विचारूनच थैली सोडत होता.

मी मात्र विचारला नाही.

गेल्या वर्षी मुलीने आम्हा दोघांना सिंगापूरला बोलावले. हिने चिक्कीचे डबे घेतले, आणि दिवाळीला नातवाला घड्याळ घ्यायचे म्हणून साठवलेले पैसेही. एका संध्याकाळी आम्ही दोघेच बाजारात गेलो. घड्याळ चारशे डॉलरचे. कार्डाच्या यंत्राने विचारले, पैसे रुपयांत की डॉलरांत? ही म्हणाली, “अहो, आपले रुपयेच बरे. हिशेब तरी कळतो.” मी रुपयांचे बटण दाबले. यंत्राचा भाव त्या दिवशीच्या बाजारभावाहून डॉलरमागे तीन रुपयांनी चढा निघाला. बाराशे रुपये तिथेच गेले. “बाबा, परदेशात नेहमी तिथल्याच चलनात पैसे द्यायचे. बँकेचं शुल्क धरूनही बहुधा तेच स्वस्त पडतं,” मुलगी म्हणाली. पूर्वी सराफ जो बट्टा उघड कापून घेत, तो आता भावातच मुरवलेला असतो.

खरा धडा पुढेच होता. तिथे 1 जानेवारी 2024 पासून वस्तूंवर नऊ टक्के कर आहे. पर्यटकाने एका दुकानात निदान शंभर डॉलरची खरेदी केली आणि वस्तू दोन महिन्यांच्या आत देशाबाहेर नेली, तर हणावळ कापून तो कर परत मिळतो. चारशेत कराचे तेहतीस डॉलर होते. मी ऐटीत विमानतळावर गेलो. घड्याळ हातात, पावती खिशात. जन्मभर परतावे तपासलेला माणूस मी!

खिडकीतल्या मुलीने नम्रपणे विचारले, “खरेदी करताना दुकानात पासपोर्ट दाखवला होता का?”

पासपोर्ट त्या संध्याकाळी घरी कपाटात होता. दुकानात नोंदच झाली नव्हती. घड्याळ देशाबाहेर चालले आहे हे तिला दिसत होते. कागदाला दिसत नव्हते.

मी काही बोललो नाही. पावतीची घडी घातली. घालताना माझे हात थांबले. ही घडी मी पूर्वी कुठे पाहिली होती ते आठवले.

ही म्हणाली, “जाऊ द्या हो.” पण ते तिच्या साठवणीतले होते.

आता मावळातले कुणी परदेशी निघाले की मी त्यांना गाठतो. दुकानात मूळ पासपोर्ट दाखवा. सामान विमानात चढवायच्या पेटीत घालण्याआधी नाक्यावर दाखवा. पैसे तिथल्या चलनात द्या. बदलताना फलकावरचे घेण्याचे आणि देण्याचे दोन्ही भाव वाचा. मधली फट हाच त्यांचा बट्टा. लोक म्हणतात, म्हातारा फार बोलतो.

बोलू दे. नियम मी त्या दिवशीही पाळला होता आणि तो बरोबरच होता. पण आदल्या बाजाराला तो कापडवाला माल घेऊन गावात शिरला, तेव्हा पावती फाडणारा मीच होतो. “जाताना शिक्का घेऊन जा रे,” एवढे चार शब्द मी सांगितले नव्हते. अडतीस रुपये आज देईनही. त्याला शोधू कुठे?