चमकवू नये अशी मोटार

तुमच्या वर्गातील फळा जुना असेल तर कडेच्या बाकावर बसून त्याच्याकडे एकदा पाहा. फळ्याचा काही भाग आरशासारखा चकाकतो आणि तेथील अक्षरे वाचता येत नाहीत. नव्या फळ्यात हा दोष नसतो. वर्षानुवर्षे डस्टर फिरून फळ्याचा खरखरीतपणा झिजला, एवढेच येथे घडलेले असते. हेच एखाद्या मोटारीचे झाले तर मालकाला ते फार महागात पडते.

अलीकडे काही मोटारी मुद्दाम निस्तेज, म्हणजे ‘मॅट’ रंगात मिळतात. किया कंपनीने 2021 साली सेल्टॉस गाडी भारतात अशा राखाडी रंगात आणली. तिचा निस्तेजपणा रंगद्रव्यात नसतो, तो पृष्ठभागाच्या आकारात असतो. मोटारीच्या रंगावर एक पारदर्शक लेप दिलेला असतो. मॅट लेपात सिलिकाचे काही मायक्रोमीटर आकाराचे कण मिसळतात. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) लेप वाळताना आकसतो, कण मात्र आकसत नाहीत. त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म उंचवटे आणि खळगे तयार होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर असते. तिच्या मानाने हे उंचवटे लहान नसल्याने प्रकाश एकाच दिशेने परत न जाता चहूकडे विखुरतो.

आता साध्या मोटारीवर ओरखडा पडला तर पॉलिशने लेपाचा किंचित भाग घासून काढतात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट करतात. मॅट गाडीवर हाच उपाय केला तर उंचवटेच घासले जातात आणि तेथे चकाकणारा डाग पडतो. तो घालवायचा तर बहुधा सबंध दार किंवा बॉनेट नव्याने रंगवावे लागते. मेणही वर्ज्यच, कारण ते खळगे भरून टाकते. खात्री करायची असेल तर खरखरीत काचेवर तेलाचा थेंब टाका. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्याने तेवढी काच एकदम पारदर्शक होते! बोटांच्या तेलकट ठशांनी मॅट रंग काळपट दिसतो, तोही याचमुळे.

अशी गाडी आटपाडीत आहे असे समजा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा माणगंगेकाठचा तालुका पर्जन्यछायेत येतो, म्हणून धूळ भरपूर. येथला खडक बेसॉल्टचा. त्यातील फेल्स्पार या खनिजाची कठिनता मोहस मापश्रेणीवर 6, तर आपल्या नखाची अडीच. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे गाडीला काचकागद लावणेच होय. आपल्याकडे सकाळी फडके मारल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही अशी पुष्कळांची सवय आहे. येथे ती मोडावी लागेल.

मग पाणी वापरावे, तर तेही विचार करून. कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. उन्हात थेंब सुकला की कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कडे उरते आणि ते खळग्यांत रुतून बसते. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या तालुक्यात आले आहे खरे, पण ते डाळिंबांसाठी आले आहे. गाडी धुण्यास ते खर्ची घालणे मला तरी पटत नाही. पहिल्या सरीने छप्पर धुऊन गेल्यावर पन्हाळीचे पाणी साठवावे. ते बरेच सुफेन असते. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, वरून हलके पाणी सोडून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग मेणविरहित सौम्य साबणपाण्यात भिजवलेले मऊ कापड न दाबता फिरवावे. शेवटी पाणी पुसून न काढता टिपून घ्यावे. पक्ष्याच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. तिच्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवले तर ती घासावी लागत नाही.

मॅट गाडी जवळपास नसेल तर शाळेतल्या संगणकाच्या कळफलकावर तिरपा प्रकाश पाडा. जास्त वापराच्या कळा चकाकताना दिसतील. सर्वांत लांब कळेच्या कोणत्या बाजूला चकाकी आहे, यावरून ती उजव्या अंगठ्याने दाबली जाते की डाव्या, हेही ओळखता येईल.