पदवी मिळाली, कारभार आला का?

पेरणीच्या आधी जाणता शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवण तपासून बघतो. पोत्यातून वरचे, मधले, तळचे असे मूठमूठ बी काढायचे, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्याभराने मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बी पेरायला योग्य. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचे, नाहीतर दुसरे आणायचे. यात एकेका दाण्याला कोणी शाबासकी देत नाही. परीक्षा असते ती पोत्याची, आणि ती घ्यायची ती पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी.

उच्च शिक्षणात अशीच एक तपासणी असते. तिला अध्ययन निष्पत्तीचे मूल्यमापन म्हणतात. शब्द जड आहे खरा. पण आपल्या प्राथमिक शिक्षकांना तो नवा नाही. २०१७ पासून पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी अध्ययन निष्पत्ती ठरवून दिलेल्या आहेत. मुलाला काय शिकवले यापेक्षा मुलाला काय करता येऊ लागले, हा तिथला प्रश्न. हाच प्रश्न लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला विचारला तर काय होते, ते आज पाहू.

लोकप्रशासन म्हणजे सरकारी आणि सार्वजनिक कारभार चालवण्याचे शास्त्र. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. नगरपालिकांचे व्यवस्थापक, सरकारी खात्यांतले अधिकारी, सेवाभावी संस्थांचे चालक यांपैकी पुष्कळ जण ती घेतात. अंदाजपत्रक, नोकरवर्गाची व्यवस्था, धोरणांची छाननी, आकडेशास्त्र, कायदा आणि नीती हे तिथले विषय. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात १९२४ मध्ये निघालेली मॅक्सवेल शाळा ही या शिक्षणाच्या जुन्या केंद्रांपैकी एक. आपला तिच्याशी संबंधही आहे. या शाळेचे अधिष्ठाते पॉल ॲपलबी यांनी १९५३ मध्ये भारताच्या कारभाराची पाहणी करून अहवाल दिला. त्यातल्या शिफारशीला धरून १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. आपल्याकडे नागपूर विद्यापीठाने तर त्याच्याही आधी, १९५० च्या सुमारास, लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य या विषयाचा विभाग काढला होता.

अमेरिकेतल्या अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एक संस्था आहे. तिचे नाव नास्पा; स्थापना १९७० ची. पूर्वी मान्यता देताना अमुक विषय शिकवता का, अध्यापक किती, ग्रंथालय कसे, यावर भर असे. २००९ मध्ये नास्पाने नवे निकष स्वीकारले आणि प्रश्नाचा रोख बदलला. तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय करता येते, हे दाखवा, असे तिने शाळांना सांगितले. त्यासाठी पाच क्षमता नेमून दिल्या. सार्वजनिक कामाचे नेतृत्व आणि व्यवस्थापन करता यावे, ही पहिली. धोरण ठरवण्याच्या कामात भाग घेता यावा, ही दुसरी. माहितीची छाननी करून, विचाराने प्रश्न सोडवून निर्णय घेता यावा, ही तिसरी. लोकसेवेची दृष्टी बाळगून ती कामात उतरवता यावी, ही चौथी. आणि नाना तऱ्हेच्या लोकांशी, सहकाऱ्यांशी नीट बोलता-वागता यावे, ही पाचवी. या पाचांचा आपल्या उद्दिष्टाप्रमाणे नेमका अर्थ काय, हे ज्या त्या शाळेने ठरवायचे.

आता एखादे शिक्षक म्हणतील, "अहो, आम्ही पेपर तपासतो, गुण देतो. मग हे आणखी कशाला?" शंका रास्त आहे. पण बासष्ट गुण म्हणजे काय, याचा विचार करा. त्यात पाठांतर असते, वेळेवर दिलेली टिपणे असतात, तोंडी परीक्षा असते. सगळ्याची मिसळ होऊन एक आकडा निघतो. त्या आकड्यावरून त्या विद्यार्थ्याचा इतरांत कितवा नंबर हे कळेल. पण त्याला अंदाजपत्रक वाचता येते आणि लोकांना समजावता येत नाही, हे कळणार नाही. शिवाय गुण विद्यार्थ्याचे असतात. सगळेच विद्यार्थी एकाच ठिकाणी अडखळत असतील तर दोष शिकवण्यात असू शकतो, आणि तो गुणपत्रिकेत दिसत नाही.

मग हे काम करतात कसे? एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेने ठरवले की यंदा पाचवी क्षमता तपासायची. पहिली पायरी म्हणजे ती साध्या शब्दांत मांडणे: "विद्यार्थ्याला नगरपालिकेचे अंदाजपत्रक सामान्य नागरिकाला कळेल असे दोन पानांत लिहिता यावे." दुसरी पायरी, विद्यार्थ्यांनी एरवी केलेलेच काम पुरावा म्हणून घ्यायचे, वेगळी परीक्षा नको. तिसरी पायरी म्हणजे मोजपट्टी. चार पायऱ्यांची एक शिडी करतात आणि प्रत्येक पायरीवर काय दिसले पाहिजे ते लिहून ठेवतात. सर्वांत खाली, आकडे नुसते उतरवले आहेत. त्याच्या वर, आकड्यांचा अर्थ सांगितला आहे. त्याच्या वर, कोणाला लाभ आणि कोणाला झळ, हे सांगितले आहे. सर्वांत वर, नागरिक काय विचारील हे ओळखून त्याचे उत्तरही दिले आहे. चौथी पायरी, विद्यार्थ्यांची नावे झाकून तीस लेख काढायचे आणि प्रत्येक लेख दोन अध्यापकांनी वेगवेगळा वाचायचा. दोघांचे मत फार वेगळे पडले तर मोजपट्टीच धूसर आहे असे समजून ती दुरुस्त करायची.

समजा, तीसपैकी चोवीस जणांनी आकड्यांचा अर्थ बरोबर सांगितला. पण पाणीपट्टी वाढली तर झळ कोणाला बसेल, हे फक्त अकरा जणांनी लिहिले. आता शाळेच्या हाती काहीतरी लागले. पाचवी पायरी हीच, आणि सगळे मोल तिच्यात आहे. अध्यापकांनी एकत्र बसायचे, त्या विषयाचे शिकवणे बदलायचे, विद्यार्थ्यांना वस्तीत जाऊन लोकांचे ऐकायला लावायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीस लेख काढून फरक पडला का ते बघायचे. ही पाचवी पायरी गाळली तर आधीच्या चारही वाया. उगवण मोजली, कमी आली, आणि तेच बी तितकेच पेरले, असा तो प्रकार.

विद्यार्थ्यांना "तुम्ही शिकलात का?" असे विचारून भागत नाही. ते आनंदाने हो म्हणतील. ते मत उपयोगी असते, पण ते मत आहे. केलेले काम हा पुरावा. लोकसेवेची दृष्टी तर दोन पानांच्या लेखातही पुरती दिसायची नाही. म्हणून ज्या कचेरीत विद्यार्थी उमेदवारी करतो तिथल्या वरिष्ठाचा अभिप्राय घेतात, आणि काही वर्षांनी माजी विद्यार्थ्यांकडेही चौकशी करतात.

या पद्धतीत धोकेही आहेत. तक्ते भरण्याचे काम वाढते आणि शिकवण्याचा वेळ जातो. जे सहज मोजता येते तेच शिकवण्याकडे कल होतो. मान्यतेसाठी कागद रंगवून कपाटात ठेवले, असेही घडू शकते. यावर उपाय एवढाच, की थोडेच मोजावे, वर्षाला एक-दोन क्षमता घ्याव्यात, आणि त्यातून एक तरी बदल खरोखर करावा.

आपल्याकडे अधिकारी होण्यासाठी ही पदवी लागत नाही. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन माणूस नोकरीत येतो आणि मग पुण्याच्या यशदासारख्या संस्थेत प्रशिक्षण घेतो. पण प्रश्न तिथेही तोच आहे. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला तहसील कचेरीत आलेल्या बाईला, टेबलापलीकडच्या माणसाने किती गुण मिळवले याच्याशी कर्तव्य नसते. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल आणि पुन्हा कधी यायचे, हे तो तिला एका खेपेत, कळेल अशा भाषेत सांगतो का, एवढेच तिला हवे असते. अधिकारी घडवणाऱ्या शिक्षकांनी आपली मोजपट्टी तयार करताना तिचा हा प्रश्न आधी लिहावा, आणि मग बाकीची कलमे मांडावीत.