आधी पडद्यावर, मग कानामागे

जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकराला कॉक्लियर इम्प्लांट बसवायचे म्हटले, की धाराशिवकडच्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. भीती खोटी नाही. कानामागचे हाड ड्रिलने कोरायचे असते आणि चेहरा हलविणारी नस तिथे अगदी लगत असते. आता सिटी स्कॅनवरून तसेच हाड संगणकावर उभे करता येते. शिकाऊ डॉक्टर ते पडद्यावर कोरतात. हातातले यंत्र हाडाचा टणकपणाही जाणवून देते. नस दुखावली तरी तिथे कुणाचे लेकरू नसते! हात बसविण्यासाठी गरिबाचेच पोर कशाला?

खर्चासाठी केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ साली पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांकरिता सहा लाखांपर्यंत तरतूद झाली. तेव्हा ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत थांबू नका. बाळाचे कान आधी तपासून घ्या.