घरातील पिस्तुलाची निगा

मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आपल्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. एके काळी दोन्हीकडे भातशेती होती. आता तेथे उंच इमारती आहेत, सराफांची दुकाने आहेत, बांधकामाचे व्यवसाय आहेत. अशा वस्तीत काही घरांतून परवान्याचे पिस्तूल असते. कोणी व्यापारी रोकड नेतो-आणतो म्हणून घेतो, तर कोणी सैन्यातून निवृत्त होऊन आलेला असतो. आणि जिल्ह्याच्या आतल्या भागात, मुरबाड-शहापूरकडे, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना काढलेला शेतकरीही भेटतो.

परवाना कसा काढावा याची चौकशी पुष्कळ जण करतात. शस्त्र घरी आल्यावर ते कसे राखावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक धोका तेथेच असतो. चोरावर रोखण्याची वेळ बहुतेकांच्या आयुष्यात कधी येत नाही. पण पिस्तूल पुसण्याची वेळ वर्षातून दहा वेळा येते. म्हणून आज त्या पुसण्याविषयीच बोलू.

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे दोन प्रकारची लहान शस्त्रे दिसतात. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारा गोल डबा असतो. तो बाजूला काढला की सर्व काडतुसे एकदम डोळ्यांपुढे येतात. पिस्तुलाचे तसे नाही. पिस्तुलाची काडतुसे मुठीच्या आत बसणाऱ्या चपट्या पेटीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकावर एक रचलेली असतात. वरचा लोखंडी भाग मागेपुढे सरकतो. त्याला स्लाइड म्हणतात. चाप ओढला की गोळी सुटते. तिच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून नळीच्या मागच्या टोकाला बसवते. त्या जागेला चेंबर म्हणतात. चाप पुन्हा ओढला की दुसरी गोळी. प्रत्येक ओढीला एकच गोळी सुटते, पण भरण्याचे काम यंत्र आपोआप करते. म्हणून याला अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास ०.३२ बोअरचे जे पिस्तूल व काडतूस तयार केले, त्याच जातीचे काडतूस आजही आपल्याकडील परवान्याच्या पिस्तुलांत चालते. आपल्या सरकारी कारखान्यांतून निघालेले ‘अशनी’ पिस्तूलही त्याच बोअरचे आहे.

आता यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरमधले काडतूस तेथेच राहते. ते बाहेरून दिसत नाही. मॅगझिन हातात आले की माणूस म्हणतो, “झालं, रिकामं झालं!” आणि तेथेच घात होतो. ज्याला तो रिकामे समजतो, त्यात अजून एक गोळी असते. पुष्कळ पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ती गोळी सुटू शकते.

म्हणून रिकामे करण्याचा क्रम पाठ असावा. पिस्तूल हातात घेताना बोट चापावर नको. ते चापाच्या वर, बाजूने सरळ ठेवावे. नळीचे तोंड माणसाकडे नको, स्वतःच्या गुडघ्याकडे नको, डाव्या हाताच्या तळव्याकडेही नको. चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्याने विशेष जपावे. वर, खाली आणि शेजारी माणसे असतात, आणि मधली भिंत विटेची असेलच असे नाही. एक मोठी बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवावी व नळीचे तोंड त्या वाळूकडे करूनच पुढचे काम करावे. मग आधी मॅगझिन काढावे. त्यानंतर स्लाइड पूर्ण मागे ओढावी. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. असे दोन-तीन वेळा करावे. मग स्लाइड मागे अडकवून उजेडात चेंबरमध्ये पाहावे, आणि करंगळीचे टोक घालून चाचपूनही पाहावे. क्षणभर नजर दुसरीकडे वळवून पुन्हा एकदा पाहावे.

हा क्रम उलटा झाला तर काय होते? आधी स्लाइड ओढली तर जुने काडतूस बाहेर पडते, पण मॅगझिनमधले नवे चेंबरमध्ये जाऊन बसते. त्यानंतर मॅगझिन काढले तरी पिस्तूल भरलेलेच राहते. एक काडतूस बाहेर पडलेले डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे मन अधिकच निर्धास्त होते. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग बोट. शाळेत पाढे म्हणतो तसे हे म्हणावे.

पिस्तूल रिकामे झाले की सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन कुलपात ठेवावीत. पुसण्याच्या टेबलावर एकही काडतूस नको. काही पिस्तुले खोलण्यापूर्वी चाप एकदा ओढावाच लागतो. त्यांची रचनाच तशी असते. ज्याने चेंबर पाहिलेले नाही, त्याच्या हातून नेमक्या त्याच वेळी गोळी सुटते. मधेच कोणी दार वाजवले, फोन आला, तुम्ही उठून गेलात, तर परत आल्यावर सगळी खात्री पहिल्यापासून करावी. तुम्ही नसताना कोणी हात लावला नसेल, असे धरून चालू नये.

जागा कशी निवडावी? स्वयंपाकघर नको, जेवणाचा पाट नको. गोळीच्या मळात शिशाचा अंश असतो, आणि शिसे पोटात जाणे लहान मुलांना फार घातक आहे. मळ काढण्याचे द्रव पेट घेणारे असतात. म्हणून जवळ शेगडी, समई, उदबत्ती किंवा विडी नसावी. खिडक्या उघड्या असाव्यात. मुले घरात खेळत असतील तर काम दुसऱ्या वेळेवर टाकावे. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत व चिंध्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाकाव्यात.

कारखान्याने पिस्तुलाबरोबर जी पुस्तिका दिलेली असते, तिच्यात सांगितले तेवढेच भाग सुटे करावेत. साधारणपणे स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मुख्य सांगाडा एवढे चार भाग निघतात. चाप व घोड्याची आतली जुळणी घरी उघडू नये. तेथला एक बारीक खटका झिजला वा उलटा बसला तर पिस्तूल धक्क्यानेही सुटू शकते. ते काम परवानाधारक कारागिराचे आहे. सायकल दुरुस्त करणारा कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नये.

नळी चेंबरच्या बाजूने साफ करावी, तोंडाच्या बाजूने नव्हे. नळीच्या तोंडाची कड गजाने घासली गेली की नेम बिघडतो. गज पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा. प्रथम मळ सोडवणाऱ्या द्रवात भिजवलेली चिंधी फिरवावी आणि थोडा वेळ थांबावे. मग पितळी ब्रश पूर्ण आरपार न्यावा, आणि नंतर कोरड्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. स्लाइडच्या आतली काजळी जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावी. रॉकेलने मळ सुटतो खरा, पण ते पेट घेते आणि मागे धातूला सांभाळणारा थर ठेवत नाही.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे दोन चुका होतात. पहिली, घरात आहे म्हणून खोबरेल लावतात. ते थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होते. स्लाइड अडखळू लागते. बंदुकीसाठी मिळणारे पातळ खनिज तेलच वापरावे. दुसरी चूक म्हणजे तेल ओतणे. स्लाइड ज्या खाचांतून सरकते त्या खाचांत एकेक थेंब, नळीच्या बाहेरून पुसट हात, एवढे पुरे. जास्त तेलावर धूळ बसते, आणि ते झिरपून काडतुसाच्या बुडाशी गेले तर काडतूस मरते. मॅगझिन आतून कोरडेच ठेवावे. भाग जोडून झाल्यावर, काडतुसे दुसऱ्या खोलीतच असताना, स्लाइड नीट सरकते की नाही ते पाहावे. शेवटी कोरड्या फडक्याने बाहेरून पुसावे, कारण बोटांच्या घामातल्या मिठाने ठसा उमटतो तेथेच गंज धरतो.

गंज हा आपल्या भागातला मोठा शत्रू आहे. एका बाजूला खाडीची खारी हवा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल. येथे पिस्तूल वापरले नाही तरी गंजते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी काढून पाहावे; इतर वेळी महिन्याने चालेल. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये. चामडे ओल शोषते आणि ती धातूला चिकटवून ठेवते. म्यान बाहेर नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. कुलपाच्या लोखंडी पेटीत, कोरड्या तेलकट फडक्यात, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, अशी व्यवस्था ठीक. काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका खिळ्याला नकोत.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करण्याची आपली चाल आहे. ती जरूर पाळावी. पण पिस्तूल पाटावर ठेवण्यापूर्वी वर सांगितलेल्या क्रमाने रिकामे करावे. त्या दिवशी घरात पाहुणे असतात आणि मुलांचे हात पुढे येतात. पाणी, हळद-कुंकू व अक्षता खाचांत शिरतात. म्हणून गंध-फूल खालच्या पाटाला वाहावे, आणि पूजा होताच शस्त्र पुसून आत ठेवावे. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे तर गुन्हाच आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

हातातून पिस्तूल निसटले तर काय करावे? ते पडू द्यावे. झेलायला जाऊ नये. झेलताना बोट नेमके चापात अडकते. पडल्याने पिस्तुलाला टोचा आला तर तो कारागीर काढील. भरलेले जुने शस्त्र नुसते पडूनही सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहू येथे चित्रपट अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली व ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. कपाटात ठेवताना शस्त्र हातून खाली पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. सुदैवाने ते बरे झाले. ठेवतानाही शस्त्र रिकामेच हवे, एवढे आपण त्यातून घ्यावे.

ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यातला बार मागून दिसतच नाही. नळी खात्रीने रिकामी असताना ठासणीचा गज आत टाकून तोंडापाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे केव्हाही गज टाकला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार आहे असे समजावे. मात्र हे करताना डोके नळीच्या तोंडावर आणू नये आणि टोपी चढवलेली नाही हे आधी पाहावे. काळ्या दारूची राख ओल फार ओढते. म्हणून बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावावी. पिस्तूल मात्र पाण्याने धुऊ नये.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तेथे काही आठवडे शस्त्राला हात लागत नाही. म्हणून जमा करण्यापूर्वी साफ करून तेलाचा हात द्यावा, रिकामेच न्यावे, पावती घ्यावी, आणि परत आणल्यावर पुन्हा चेंबर पाहूनच ते आत ठेवावे.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. वर्गात कोणाच्या घरी शस्त्र आहे हे विचारू नये. पण प्रत्येक मुलाला एवढे शिकवावे: कोठेही पिस्तूल किंवा बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तेथून दूर व्हायचे, आणि मोठ्या माणसाला सांगायचे. खेळण्यातली वाटली तरीही हेच करायचे.

घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या बाजूने एक नियम ठेवावा. पिस्तूल कोणाच्याही हातून आपल्या हाती आले, “रिकामं आहे हो” असे सख्ख्या भावाने सांगितले, तरी चेंबर स्वतः उघडून पाहावे. यात अविश्वास नाही, आणि भावानेही राग मानू नये. पाहायला दहा सेकंद लागतात. सुटलेली गोळी परत आणता येत नाही.