रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणारी भावंडं

नाटकाच्या दारावर ‘हाउसफुल्ल’चा फलक लागला की आतली मंडळी कशी खुलतात! पण तो फलक लागेनासा झाला की? ही गोष्ट आहे दूरच्या कॅलिफोर्नियाची, ‘बीच बॉईज’ या रॉक-वाद्यवृंदाची. वाचताना मात्र शेजारच्याच बिऱ्हाडातली वाटेल, बरं का!

१९६१ साली हॉथॉर्न गावचे मरी आणि ऑड्री विल्सन चार दिवस मेक्सिको सिटीला गेले. ब्रायन, डेनिस आणि कार्ल या मुलांच्या खाण्यापिण्याचे पैसे घरात ठेवून गेले. पोरांनी काय केलं असेल? चक्क वाद्यं भाड्यानं आणली! सोबतीला आतेभाऊ माईक लव्ह आणि मित्र अ‍ॅल जार्डिन. अ‍ॅलच्या आईनंही तीनशे डॉलर उसने दिले. वडील परत आले ते आधी भडकले, मग गाणं ऐकून विरघळले आणि मॅनेजरच होऊन बसले. १९६४ मध्ये मुलांनी त्यांना त्या जागेवरून दूर केलं. घरचा माणूसच मालक झाला की असं व्हायचंच.

समुद्र, मोटारी, उन्हाळा यांच्या गाण्यांनी अमेरिकेला वेड लावलं. १९६६ च्या डिसेंबरात ‘गुड व्हायब्रेशन्स’ पहिल्या क्रमांकावर होतं. आणि मग अवघ्या दीड वर्षात सगळं ओसरलं!

झालं काय? १९६७ मध्ये ब्रायननं ‘स्माइल’ ही महत्त्वाकांक्षी ध्वनिमुद्रिका अर्धवट सोडली. माँटेरेच्या गाजलेल्या संगीत महोत्सवातूनही मंडळींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. व्हिएतनाम युद्धानं तरुण पिढी होरपळत होती. तिला पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून समुद्राची गाणी म्हणणारी ही मुलं जुनाट वाटू लागली. वय म्हणाल तर पंचविशीच्या आसपास, पण ठरली ‘जुनी’!

१९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि दक्षिणेकडच्या दौऱ्यातले अनेक कार्यक्रम रद्द करावे लागले. त्यातून सावरायचं तर माईकला नवीच कल्पना सुचली. तो नुकताच हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून आला होता. मे महिन्यात महर्षींनाच बरोबर घेऊन दौरा काढला: आधी गाणी, मग प्रवचन! नाचायला आलेल्या पोरांना प्रवचन कुठलं रुचायला? न्यूयॉर्कच्या भल्यामोठ्या मैदानात जेमतेम आठशे माणसं जमली. मोजक्या कार्यक्रमांनंतर दौरा गुंडाळला, लाखांनी नुकसान झालं. पुढच्याच महिन्यातली ‘फ्रेंड्स’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत १२६ व्या क्रमांकावर अडकली. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडात मात्र त्यांचं ‘डू इट अगेन’ पहिलं आलं.

मला चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीची. १९६९ मध्ये वडिलांनी या गाण्यांचे प्रकाशन-हक्क सात लाख डॉलरना विकून टाकले. या गाण्यांचे दिवस संपले, असं त्यांना वाटलं. ब्रायन पार खचला. भाव पडल्यावर घाबरून दागिना मोडावा, तसंच झालं की हे! कारण १९७४ मध्ये जुन्याच गाण्यांचा ‘एंडलेस समर’ हा संग्रह निघाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. रिकाम्या खुर्च्या पुन्हा भरल्या. मात्र श्रोत्यांना हवी होती ती जुनीच गाणी. नवं काही सुरू केलं की टाळ्या थंडावत. ज्या गाण्यांवर गर्दी उसळत होती, त्यांचे हक्क परक्यांच्या हाती! मरी तोवर वारलेही होते. ब्रायन पुढे कोर्टात गेला आणि १९९२ मध्ये तडजोडीचे एक कोटी डॉलर मिळाले. पण मग श्रेय आपल्यालाही हवं म्हणून आतेभावानं त्याच्यावरच दावा लावला.

डेनिस १९८३ मध्ये समुद्रात बुडून गेला, कार्ल १९९८ मध्ये कॅन्सरनं गेला आणि ब्रायन २०२५ च्या जूनमध्ये. अर्धवट टाकलेलं ‘स्माइल’ मात्र ब्रायननं पुरं केलं. फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, सदतीस वर्षांनी, ते पहिल्यांदा लोकांपुढे वाजलं. त्या रात्री सभागृह भरलेलं होतं.